हात अजून गिअर शोधतो: आपण चालवलेल्या गाड्या

डावाहात

मंडळी,

परवा मित्राची नवी गाडी चालवायचा योग आला. ऑटोमॅटिक. सिग्नलला थांबलो, दिवा हिरवा झाला आणि माझा डावा हात आपसूक उठून स्टिअरिंगमागे गेला. तिथे वायपरची दांडी. लख्ख उन्हात वायपर खर्र खर्र करत कोरडी काच पुसायला लागले. मित्राने माझ्याकडे पाहिलं, मी काचेकडे.

त्या जागी गिअर असलेली माझी गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. ती विकून एकवीस वर्षं झाली. नंतर चार गाड्या झाल्या, चौघींचेही गिअर खाली, दोन सीटच्या मध्ये. चौघी हिच्यापेक्षा जोरात पळायच्या, गार हवा द्यायच्या, सकाळी निमूट सुरू व्हायच्या. तरी हाताने लक्षात ठेवली ती हीच. १०८९ सीसीचं इंजिन, चार गिअर, मूळ घडण फियाटच्या ११०० डी ची.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी: खालच्या गिअरचा तो इंग्रजी एच जमिनीवर आडवा निजलेला असतो. स्टिअरिंगच्या गिअरमध्ये तो उठवून उभा केलेला. दांडी स्वतःकडे ओढून धरायची की पलीकडे ढकलायची यावर वरखालची जोडी ठरते. दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंत सळ्या आणि सांधे. माझ्या हेळसांडीने त्या सांध्यांतले बुश (आतल्या कड्या) झिजले होते, त्यामुळे गिअर नेमका कुठे बसतो ते दर महिन्याला थोडं थोडं सरकायचं. मला ते कळायचंही नाही, हात आपला तिकडे जायचा. एकदा मेहुण्याला चालवायला दिली तर दहा मिनिटं तो पहिलाच गिअर शोधत होता.

आता लाजिरवाणा प्रश्न. परवापासून आठवतोय, रिव्हर्स नेमका कुठे होता? हवेत हात फिरवून पाहिला, येत नाही.

तर लिहा आपापल्या गाड्यांविषयी. कुरकुर करायची असेल तर कंपनीचं नाव न घेता करा. मागे एका धाग्यावर त्यावरून जुंपली होती.

स्टेपनी

रिव्हर्स पलीकडे ढकलून वर. त्यात काय शोधायचंय?

त्रिकोणी_काच

छे हो स्टेपनी, वर कुठला. खाली. मी अकरा वर्षं चालवली आहे.

आणि डावाहात, तुम्ही त्रिकोणी काच विसरलात! पुढच्या दारांना खिडकीच्या पुढे ती छोटी काच असायची, खिट्टी काढून तिरकी वळवायची. तिचा कोन जमला की वारा बरोबर छातीवर. जरा जास्त वळली की थेट डोळ्यात. मी ती काच बोटाने नाही, करंगळीच्या बाजूच्या तळव्याने ढकलायचो. का ते सांगता येणार नाही.

स्टेपनी

अकरा वर्षं खाली टाकत असाल तर गाडी मागे कशी जायची हो?

बाबांचीबीटल

वाह, काय धागा काढलात.

माझी पहिली म्हणजे बाबांची. १९६० सालची फोक्सवॅगन बीटल, माझ्याहून वयाने मोठी. इंजिन मागे, डिकी पुढे, रेडिएटरच नाही कारण इंजिन हवेनेच गार व्हायचं. आवाज सगळा पाठीमागून यायचा. नंतर पुढे इंजिन असलेली गाडी चालवली तेव्हा कुणीतरी समोरून अंगावर येतंय असं वाटायचं.

तिला पेट्रोलचा काटा नव्हता. पायाशी एक छोटी कळ होती. गाडी आचके द्यायला लागली की पायाच्या अंगठ्याने ती कळ फिरवायची, मग राखीव पेट्रोल सुरू. बाबा पुढचं झाकण उघडून टाकीत लाकडी फूटपट्टी बुडवायचे आणि ओल्या खुणेवर नख ठेवून किती उरलंय ते सांगायचे. ती माझी शाळेतली फूटपट्टी. तिला वर्षभर पेट्रोलचा वास येत होता आणि भूमितीच्या तासाला बाई नाक मुरडायच्या.

शिकल्यावर पहिल्यांदा एकटी निघाले त्या दिवशी गाडीने आचके दिले. मी ऐटीत कळ फिरवायला पाय पुढे केला, तर ती आधीच फिरवलेली! आदल्या आठवड्यात राखीववर आले होते, पेट्रोल भरलं आणि कळ परत जागेवर न्यायचीच राहिली. म्हणजे राखीव असं काही उरलंच नव्हतं. अडीच किलोमीटर चालत गेले. बाबा काही बोलले नाहीत, फक्त फूटपट्टी आणून माझ्या टेबलावर ठेवली.

पुढे मी स्वतः १९७० ची बीटल घेतली. तिला काटा होता. पण काच धुवायचं पाणी उडायचं ते स्टेपनीतल्या हवेच्या जोरावर! पंप वगैरे काही नाही, स्टेपनीच्या व्हॉल्व्हपासून पाण्याच्या बाटलीपर्यंत एक नळी. टायर पार बसू नये म्हणून मध्ये झडप. हे सांगितलं की लोकांना मी थापा मारतेय असं वाटतं.

मूळ बीटलचं उत्पादन २००३ च्या जुलैत मेक्सिकोतल्या प्वेब्लाला थांबलं. तोवर २ कोटी १५ लाखांच्या वर गाड्या निघाल्या होत्या. त्यातल्या दोन माझ्या.

स्टेपनी

आयडीचं सार्थक झालं. स्टेपनीला इतकं महत्त्वाचं काम दिलेलं पहिल्यांदाच ऐकतोय.

काजळी

मी हाताने काम करणारा माणूस, तेव्हा हाताचंच सांगतो.

जुन्या गाड्यांना पुढे बंपरजवळ भोक असायचं, त्यात हँडल घालून इंजिन फिरवायचं. अँबेसेडरला होतं, बऱ्याच गाड्यांना होतं. मला हे शिकवणाऱ्याने हँडल हातात द्यायच्या आधी माझा अंगठा धरला. म्हणाला, हा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा. मूठ वळायची नाही. आणि हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. इंजिनाने उलटा झटका दिला की हँडल उलटं फिरतं. बोटं नुसती अडकवलेली असली तर हात सुटून जातो, मूठ वळलेली असली तर अंगठा गेलाच. आजही मी बादली उचलतो ती अंगठा न वळवता. बायको विचारते, अशी का धरता?

चोकही आता कुणाला माहीत नसतो. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. चोक ओढला की कार्बोरेटरच्या तोंडाशी पट्टी मिटते, हवा कमी जाते, मिश्रणात पेट्रोल जास्त. गाडी धरते. मग चोक हळूहळू आत सोडायचा, तोही कानाने. धकधक जड झाली की थोडा आत, अडखळली की थोडा बाहेर. जास्त झालं की प्लग ओले. मग ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारायचा, म्हणजे जादा हवा जाऊन आतलं पेट्रोल निघून जातं. नवशिके घाबरून उलट पंपिंग करत बसायचे. इकडे पेट्रोलचा वास दरवळायचा आणि तिकडे बॅटरी मान टाकायची.

आता हे सगळं इंजेक्शनवाल्या गाडीत कॉम्प्युटर बघतो, आणि चांगलं बघतो. मला त्याचं वाईट वाटत नाही. सकाळी साडेसहाला बॉनेट उघडून उभं राहण्यात काव्य वगैरे नसतं.

रिव्हर्सचं म्हणाल तर ज्या गाडीचे बुश झिजलेत तिचा रिव्हर्स ती ठेवेल तिथे.

शून्यआठवणी

माझ्याकडे सतरा वर्षं टोयोटा कोरोला होती. २ लाख ८० हजार किलोमीटर चालवली. हा धागा वाचून तिच्याविषयी लिहायला बसलो.

काही आठवत नाही.

म्हणजे खरंच. कधी थांबली नाही, कधी रुसली नाही, कधी धक्का मारावा लागला नाही. तेल बदललं, टायर बदलले, बॅटरी बदलली, विकली. तिच्यातून मुलीला पहिल्या दिवशी शाळेत सोडलं, आई आजारी असताना रात्री-अपरात्री फेऱ्या मारल्या, ते सगळं आठवतं. पण त्यात गाडी कुठेच दिसत नाही. रंग चंदेरी होता की राखाडी यावर आमच्या घरात दुमत आहे.

त्याआधीची गाडी (नियमाप्रमाणे नाव घेत नाही) तीनच वर्षं होती. तिचा इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप तापला की आत पेट्रोलची वाफ धरायची आणि गाडी बंद. मग पंपावर ओलं फडकं टाकून पंधरा मिनिटं बसायचं. त्या पंधरा मिनिटांच्या मला चाळीसेक आठवणी आहेत.

बाबांचीबीटल

+१. चंदेरी असणार. राखाडी वाटते ती धुतलेली नसली की.

किल्लीकुठाय

रिव्हर्सवरून आठवलं. परदेशात असताना माझ्याकडे साब ९०० होती. किल्ली स्टिअरिंगपाशी नाही, दोन सीटच्या मध्ये, गिअरच्या पाठीमागे. आणि रिव्हर्स टाकल्याशिवाय ती बाहेरच येत नसे! गाडी लावायची, रिव्हर्स टाकायचा, किल्ली काढायची. चोराला गाडी न्यायची तर उलटीच न्यावी लागेल अशी सोय.

शिवाय इंजिन बसवलेलं उलटं, क्लच पुढच्या बाजूला, रेडिएटरकडे. त्यामुळे क्लचचं काम तुलनेने सोपं. आणि बॉनेट पुढे सरकून मग उघडायचं. त्या गाडीत एकही गोष्ट चारचौघांसारखी नव्हती.

सहा वर्षांत मला अशी सवय लागली की कुठलीही गाडी लावली की हात रिव्हर्स टाकून मोकळा. इथवर ठीक. पुढे साब गेली, दुसरी गाडी आली. तिलाही मी रात्री रिव्हर्समध्ये लावली आणि सकाळी घाईत क्लच न दाबता किल्ली फिरवली. गाडीने मागच्या कुंडीला नमस्कार केला. कुंडी गेली, बंपर गेला, घरातली पत गेली. चूक शंभर टक्के माझी.

तीनसिलिंडर

सगळे मोठमोठ्या गाड्यांविषयी लिहिताहेत. मी आपली मारुती ८०० घेऊन येतो.

७९६ सीसी, तीन सिलिंडर. पहिल्या गाड्या डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आल्या, शेवटची जानेवारी २०१४ मध्ये बनली. ज्यांनी आधी अँबेसेडर किंवा फियाट चालवली होती ते हिच्यात बसले की पहिल्यांदा हसायचे. बारा इंची चाकं, दार लावलं तर डबा बंद केल्यासारखा आवाज. आणि मग क्लच दाबायचे. माझे काका क्लच दाबून म्हणाले, "जोडलाय ना रे?" आयुष्यभर अँबेसेडरचा क्लच मांडीच्या जोराने दाबलेला माणूस, इथे नुसत्या चवड्याने काम झालं. त्यांनी तीनदा वर-खाली करून पाहिला आणि मगच चावी मागितली.

पहिले दोन महिने काकांचा डावा पाय क्लचच्या बाजूला जमिनीवर आपटायचा. अँबेसेडरमध्ये डिपरचं बटण पायाशी होतं, समोरून गाडी आली की पायाने दाबायचं. हिच्यात डिपर हाताशी. काका पाय आपटायचे, दिवे काही खाली व्हायचे नाहीत, समोरचा शिव्या घालून जायचा.

माझी स्वतःची आठवण आवाजाची आहे. तीन सिलिंडरची ती किंचित लंगडी घरघर. स्टिअरिंगवर हात ठेवला की मनगटापर्यंत यायची. आताही रस्त्यात कुठे ती घरघर ऐकली की न बघता ओळखतो. एकदा मित्राच्या लग्नाहून परतताना दोन गाड्यांमध्ये अशी चेपून लावलेली सापडली की निघायला जागाच नाही. आम्ही चौघांनी मागचा बंपर धरून उचलली आणि सरकवली. गाडीला उचलून घेतलेली आहे, अजून काय पाहिजे?

लो_फोर

मी पेट्रोलच्या टाकीवर बसून हजारो किलोमीटर केले आहेत. युद्धकाळातली विलीज जीप. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. पेट्रोल भरायचं तर ड्रायव्हरनेच उठायचं, गादी उचलायची, नळी आत.

पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर टाकताना दातांचा वेग आपोआप जुळवणारी सोय) नाही. चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडा ॲक्सिलरेटर, परत क्लच दाबून पहिला. जमलं तर लोण्यात सुरी, नाही जमलं तर गिअरबॉक्स सगळ्या गल्लीला सांगणार. मला जमायला एक पावसाळा लागला.

तीनसिलिंडर

तुम्ही टाकीवर, आमच्या ओम्नीवाल्या मित्राची बैठक इंजिनावर. लांबच्या प्रवासात पोहोचेस्तोवर माणूस खालून शेकून निघायचा.

लोखंडीपत्रा

मुद्दा एवढाच की तेव्हाच्या गाड्या लोखंडी होत्या. आताचा पत्रा बोटाने दबतो. माझ्या जुन्या गाडीच्या बंपरवर मी उभा राहायचो. ठोकली तर समोरच्याचं नुकसान, आपल्याला ओरखडा नाही. सुरक्षित होत्या त्या.

काजळी

लोखंडीपत्रा, तुमच्या बंपरबद्दल आदर आहे, पण ‘सुरक्षित’ हा शब्द मागे घ्या.

धडकेची ताकद कुठेतरी जातेच. पुढचा पत्रा चुरगळला तर त्यात बरीच जिरते. नाही चुरगळला तर थेट आत बसलेल्याच्या छातीत. पुढचा-मागचा भाग मुद्दाम चुरगळेल आणि मधली खोली शाबूत राहील अशी गाडी मर्सिडीजने १९५९ मध्ये बाजारात आणली, कल्पना त्यांचे इंजिनियर बेला बारेनी यांची. त्याच वर्षी व्होल्वोने नील्स बोलिन यांचा तीन टोकांचा पट्टा गाड्यांना लावायला सुरुवात केली आणि त्याचं पेटंट बाकीच्यांना वापरायला मोकळं ठेवलं. आज आपण सगळे लावतो तो हाच.

आणि योगायोग बघा. २००९ मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने एक जुनी आणि एक नवी गाडी समोरासमोर धडकवली. जुनी होती १९५९ चीच शेव्हरोले बेल एअर, चांगली लांबरुंद लोखंडी. नवी शेव्हरोले मालिबू. बेल एअरची बसायची जागाच आत चेपली, आतला पुतळा माणूस असता तर वाचला नसता. मालिबूतल्याला पायाच्या किरकोळ दुखापतीवर भागलं असतं. चित्रफीत आहे, जरूर बघा. मी बघितली आणि माझ्या जुन्या गाडीला पट्टे बसवून घेतले.

लोखंडीपत्रा

पाहिली. रात्री झोप लागली नाही. पण बंपरचं म्हणणं कायम.

नवखी

मी वयाने या धाग्यावर सगळ्यात लहान असेन. पहिली गाडी इलेक्ट्रिक घेतली, गिअर नाही, क्लच नाही, चोक काय ते इथे वाचलं. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते, त्या वेळी मोटर उलट जनित्र बनून बॅटरी भरते. ब्रेकला पाय क्वचितच लागतो.

परवा बाबांची पेट्रोल गाडी चालवली आणि सवयीने नुसता पाय उचलून वळणावर आले. गाडी आपली पळतेच आहे! बाबांनी समोरचा डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला. म्हणजे माझ्या पायाचंही डावाहातकाकांसारखंच झालंय का?

डावाहात

नवखी, ‘काका’ एवढं सोडलं तर बरोबर.

त्रिकोणी_काच

डावाहात, वैयक्तिक निरोप बघा. माझी अजून आहे. विकलेली नाही. महिन्यातून दोनदा चालू करून ठेवतो. येऊन बसा एकदा, म्हणजे स्टेपनींचं तोंड बंद होईल.

स्टेपनी

वाट बघतोय. पलीकडे ढकलून वर.

डावाहात

जाऊन आलो.

झाकण काढलं तेव्हा आधी वास आला. रेग्झीन, जुनं पेट्रोल आणि उन्हात तापलेलं रबर. बसलो तर सीट सलग बाकासारखी, उजवा गुडघा दाराला टेकला, तो पूर्वीही टेकायचाच. स्टिअरिंग आठवत होतं त्यापेक्षा मोठं आणि कडं बारीक. त्रिकोणी काच करंगळीच्या बाजूनेच ढकलली. खरंच तशीच ढकलली जाते.

सेल्फ मारला, दुसऱ्यांदा धरली. त्रिकोणी_काच मागे उभे राहून "या, या, या" करत होते. मी मान वळवून मागे बघितलं, पाय क्लचवर गेला, आणि गाडी मागे जायला लागली. हात कधी गेला, कुठे गेला, पत्ता नाही. रिव्हर्स पहिल्या झटक्यात पडला होता, दातांचा आवाजसुद्धा नाही. फाटकापर्यंत मागे आलो, पहिला टाकला, पुढे गेलो, पुन्हा मागे आलो. चारदा केलं. चारही वेळा बरोबर.

मग म्हटलं आता बघून करू, धाग्यावर लिहायचंय. दांडीकडे बघत हात नेला तर खर्रर्र. त्रिकोणी_काच यांनी बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, "बघू नका हो, बघू नका!"

मुलीने मोबाइलवर सगळं टिपलंय. घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिलं. तिने मागच्या सीटवरून टिपल्यामुळे हात दिसत नाही, मध्ये माझीच पाठ आहे. कोपर तेवढं दिसतंय.

स्टेपनी

कोपर वर गेलंय की खाली?